आढीतले वज्रासन

तांडेलांना खुर्ची नको होती. त्यांची मागणी एवढीच होती आणि ती त्यांनी पहिल्याच दिवशी, आंब्याच्या शेडच्या दारात उभे राहून, योग शिकवणाऱ्या बाईंना सांगितली. मी तिथे बातमीसाठी गेलो होतो, म्हणून ती माझ्या वहीत उतरली. "बाई, मला बाकी काही नको. वजन कमी व्हायला नको, आयुष्य वाढायला नको. खाली बसता आलं पाहिजे. बस्स."

हे १९९९ च्या दिवाळीनंतरचे. मी तेव्हा रत्नागिरीत एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात उपसंपादक होतो. तांडेलांची बोली आमच्या किनाऱ्यावरच्या मुसलमान घरांतली, ठेक्याची. ती मी इथे साध्या मराठीत उतरवतो. शब्द उतरतात, ठेका उतरत नाही.

तांडेल म्हणजे मचव्यावरचा मुख्य माणूस. तरुणपणी ते तांडेल होते, पुढे वीसेक वर्षे मालवाहू जहाजांवर खलाशी. जहाजावर हुद्दे बदलत गेले, मोहल्ल्यात ते तांडेलच राहिले. वय पासष्टीच्या पुढे, खांदे अजून रुंद, पण गुडघे ताठ. डॉक्टरांनी फोटो काढून सांगितले होते की झीज थोडी आहे, ताठरपणा जास्त आहे, दुखणार नाही एवढी हालचाल करा. नमाजात गुडघे मोडून टाचांवर बसावे लागते. ते त्यांना दोन वर्षांपासून जमत नव्हते. आखातात नोकरीला असलेल्या मुलाने एका गाववाल्याबरोबर घडीची खुर्ची पाठवली होती. ॲल्युमिनियमचे पाय, निळे कापड. ती मशिदीत ओळीच्या टोकाला मांडली जायची. मशिदीत तेव्हा दुसरी खुर्ची नव्हती.

"सगळे खाली आणि मी वर," तांडेल म्हणाले. "सगळ्यांच्या टाळू दिसतात. कोणाचे केस गेले, कोणी कलप लावला, सगळं कळतं. मी काय टाळू मोजायला जातो तिथे?"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी तांडेलांना दारातून आतपर्यंत चालायला लावले आणि गुडघ्यांकडे बघत राहिल्या.

"तुम्ही म्हणता त्या बसण्याला आम्ही वज्रासन म्हणतो," त्या म्हणाल्या.

"तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा, बाई. मला बसवा."

"आणि सूर्यनमस्कार?"

"ते मी घालणार नाही."

"मी शिकवतही नाही. लोक ते फार पळवतात. माझ्याकडे पळवण्यासारखं काही नाही."

करार तिथेच झाला.

बाई निवृत्त शिक्षिका होत्या. भूगोल आणि कवायत. तांडेलांचा मुलगा सातवीत त्यांच्या वर्गात होता, म्हणून दोघांची ओळख. भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या रस्त्याला लागले की थोड्या अंतरावर त्यांची हापूसची बाग होती आणि बागेच्या तोंडाशी जांभ्या चिऱ्यांची, कौलारू शेड. आंबा आला की शेड भरायची. एरवी ती रिकामी असायची, म्हणून वर्ग तिथे भरायचा. त्या योग कुठे शिकल्या, असे मी मुलाखतीत विचारले. उत्तर मिळाले, "पाठ दुखायला लागली तेव्हा. पाठीनंच शिकवलं." हे उत्तर मी छापले नाही. संपादकांना संस्थेचे नाव हवे होते.

मी गेलो होतो रविवारच्या पुरवणीतल्या आरोग्याच्या अर्ध्या पानासाठी. मजकूर दिला, छापून आला, काम संपायला हवे होते. पण त्याच आठवड्यात माझ्या डॉक्टरांनी रक्तदाब मोजून, मानेला हात लावून, "जरा सावकाश घ्या," असे सांगितले. सावकाश कसे घ्यायचे हे त्यांनी सांगितले नाही. त्या गावात ते शिकवणारी एकच जागा मला माहीत होती. तिच्यावर मी नुकताच अर्धे पान लिहिले होते.

वर्ग सकाळी सव्वासहाला. नियमित येणारे आम्ही तिघेच, मी, तांडेल आणि एका बँकेत कॅशियर असलेल्या ताई. तांडेलांचे घर खाडीच्या अलीकडे, माझ्या वाटेवर. त्यांना मी स्कूटरवर मागे बसवून नेत असे. बसताना त्यांना उजवा पाय हाताने उचलून घ्यावा लागे आणि मग ते माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणत, "चला, नांगर उचलला."

शेडच्या दाराशी एका खिळ्याला काथ्याने करवंटी टांगलेली होती. आत येणाऱ्याने मनगटावरचे घड्याळ तिच्यात टाकायचे, हा पहिला नियम. कळ येण्याच्या अलीकडे थांबायचे, हा दुसरा. तिसरा नियम असा की जेवढा वेळ आसन, तेवढाच वेळ नंतर काहीच करायचे नाही.

"काहीच नाही म्हणजे नेमकं काय?" मी विचारले.

"काहीच नाही म्हणजे पुढची ओळ लिहायची नाही," बाई म्हणाल्या.

पहिल्या दिवशी आम्ही एक हात वर नेला आणि खाली आणला. श्वास आत येताना वर, बाहेर जाताना खाली, आणि बाहेरचा श्वास आतल्यापेक्षा लांब. किती वेळ लागला ते सांगता येत नाही, घड्याळ करवंटीत होते. माझा हात वर जाऊन परत आला तेव्हा तांडेलांचा अजून कानाशी होता.

"घाई आहे का काही?" बाईंनी मला विचारले.

"नाही."

"मग हात का पळतोय?"

ताई तोंड दाबून हसल्या. त्यांच्यावरही पाळी आली. मांजरासारखी पाठ वर-खाली करताना त्या मनातल्या मनात नोटा मोजल्यासारख्या ओठ हलवत होत्या.

"ताई, काउंटर बंद आहे," बाई म्हणाल्या.

हे सगळे बाहेरून बघणाऱ्याला आळशीपणाचे वाटले असते. मलाही वाटले. पण तिसऱ्या आठवड्यात एक गोष्ट ध्यानात आली. भराभर केलेली हालचाल मी करत होतो, पण ती मला कळत नव्हती. हळू केली की मध्ये कुठे अडते, कुठे खांदा उगाच कानाकडे चढतो, कुठे मी श्वास धरून ठेवतो, हे एकेक सापडू लागले. उपसंपादकाला हे समजायला हरकत नव्हती. घाईत वाचलेल्या मजकुरात चुका दिसत नाहीत, त्या छापून आल्यावर दिसतात.

शेवटी डोळे मिटून बसायचे. बाहेर जाणारे श्वास मोजायचे, दहापर्यंत. चुकले तर पुन्हा एकपासून. बाई म्हणत, "आधीचं सगळं या पाच मिनिटांसाठी आहे. अंग सैल झालं नसेल तर मन बसून काय करणार? ते त्याच अंगात राहतं." मी दहापर्यंत कधी पोचलोच नाही. चौथ्या श्वासाला मथळा यायचा. 'खाडीत गाळ, होड्या अडकल्या.' पाचव्याला तो दोन कॉलमांचा की तीन, हा प्रश्न. मग एकपासून.

तांडेलांची अडचण उलटी होती. आंब्याच्या लाकडी पेटीवर ते पाय सोडून बसायचे, डोळे मिटायचे आणि बाईंनी हाक मारेपर्यंत तसेच असायचे. एकदा पुलावर मी त्यांना विचारले, डोक्यात काय येते?

"जहाजावर चार-चार तास पहारा असायचा," ते मागून म्हणाले. "समोर पाणी. डोक्यात काय येणार? पाणीच."

त्यांचे गुडघे बसत नव्हते, माझे डोके बसत नव्हते. हे मी बाईंना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "दुखणं एकच आहे. एकाचं खाली, एकाचं वर."

जानेवारीपर्यंत तांडेल पेटीवरून खाली आले. बाईंनी जमिनीवर जुनी चादर अंथरली, त्यांना गुडघ्यांवर उभे केले आणि टाचांवर गोणपाटाच्या घड्यांची चवड ठेवली. सात घड्या. त्या चवडीवर बसायचे, दहा श्वास, मग हाताला धरून उठायचे, मग काहीच नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी, गुडघे स्वतःहून मागतील तेव्हा, एक घडी कमी. शिमगा आला तोवर सातांच्या चार झाल्या होत्या. ताईंनी त्या दिवशी टाळ्या वाजवल्या. तांडेल म्हणाले, "थांबा, अजून बंदर दिसायचं आहे."

माझ्याकडेही थोडी प्रगती होती, पण ती मला दुसऱ्यांकडून कळली. कार्यालयातला शिपाई एका दुपारी चहा ठेवून घुटमळला.

"साहेब, तब्येत बरी आहे ना?"

"का?"

"नाही, आज तिसरा दिवस. कोणावर ओरडला नाहीत."

डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, यंत्राकडे बघितले, पुन्हा मोजला. गोळी चालू ठेवली, पण चढलेली भुवई खाली आली. ही माझी एवढीच नोंद आहे. यापेक्षा मोठा दावा मला करता येणार नाही.

शिमग्यानंतर आठवड्याभरात तांडेलांच्या घरी आखातातून फोन आला. मुलाला मेच्या मध्याला रजा मिळणार होती. दोन वर्षांनी घरी येत होता. आणि फोन ठेवता ठेवता तो म्हणाला होता, "अब्बा, तुमच्यासाठी दुसरी खुर्ची बघून ठेवली आहे. हात ठेवायला जागा आहे हिला."

तांडेलांनी हे मला पुलावर सांगितले तेव्हा आवाज नेहमीचा नव्हता. "तो येईल त्या जुम्याला मी खाली बसलेला दिसलो पाहिजे. त्याच्या शेजारी. नाहीतर ही दुसरी आली की मग तिसरी येईल. पुढच्या वेळी चाकं लावून आणेल."

इथे मी जे केले ते माझ्या धंद्यातल्या माणसालाच सुचले असते. वर्तमानपत्रात पान छपाईला सोडायची वेळ ठरलेली असते आणि त्या वेळेपासून उलटे मोजत यायचे असते. हातात सात आठवडे होते, घड्या चार. कार्यालयात पानाची आखणी करायचे कागद असतात, कॉलमांच्या फिक्या निळ्या रेघांचे. त्यातल्या एकाच्या पाठीवर मी तक्ता आखला. बारा दिवसांना एक घडी कमी. बसण्याचा वेळ पाच मिनिटांपासून वीसपर्यंत. शेवटच्या चौकटीत शून्य घड्या, आणि तिच्याभोवती लाल शाईचा चौकोन.

तांडेलांना तो फार आवडला. का आवडणार नाही? त्यांचे आयुष्य तक्त्यांवर गेले होते. भरती-ओहोटीचा तक्ता, पहाऱ्याचा तक्ता. कागदावर लिहिले आहे ते करायचे, हे त्यांच्या हाडात होते. तक्ता त्यांनी घरी कॅलेंडरशेजारी खिळ्याला लावला आणि संध्याकाळी घरी, बाईंना न सांगता, गोणपाट घालून बसू लागले. बाईंना आपण मागाहून चकित करू, असे आमचे ठरले होते. वर्तमानपत्रात याला खास वृत्त म्हणतात.

तीन आठवडे झाले. तांडेल तक्त्याच्या पुढे होते. "बंदराला वेळेआधी लागलेलं बरं," असे म्हणून त्यांनी दोन घड्यांवर उडी मारली होती. मग एका सकाळी मी स्कूटर घेऊन गेलो तर ते दारात आले नाहीत. आतून त्यांच्या बायकोने हाक मारली. तांडेल खाटेवर पाय लांब करून बसले होते. उजव्या गुडघ्यावर आतल्या अंगाला लिंबाएवढी सूज.

"कळ आली तेव्हा उठला का नाहीत?" मी विचारले.

"चौदा मिनिटंच झाली होती," ते म्हणाले. "कागदावर पंधरा होती."

"तुम्ही दोघं शहाणे," त्यांच्या बायकोने चहाचा कप माझ्यापुढे आपटला. "एकाला अक्षर आलं, एकाला वाचता आलं. पाय मात्र कोणी बघितला नाही."

डॉक्टरांनी बर्फ, पट्टी आणि आठवडाभर आराम सांगितला. मशिदीत खुर्ची पुन्हा उघडली गेली. आठ दिवसांनी तांडेल वर्गाला आले ते काठी घेऊन, आणि त्यांनी खिशातून तक्ता काढून बाईंच्या हातात दिला. मी त्यांना तसे सांगितले नव्हते. बाईंनी तो उलगडला, चष्मा लावला, वरपासून खालपर्यंत वाचला.

"अक्षर छान आहे," त्या म्हणाल्या. "कोणाचं?"

ताई छताकडे बघत होत्या.

"रेघा निळ्या आहेत म्हणून विचारलं. हा कार्बाइडचा तक्ता आहे, बातमीदार."

पावडर घालून घाईने पिकवलेल्या आंब्याला आमच्याकडे हा शब्द होता आणि बागायतदाराच्या तोंडी याहून वाईट शिवी नव्हती. "बाहेरून पिवळा दिसतो," बाई पुढे म्हणाल्या, "आणि कापला की आत आंबट, पांढरा. मुलगा येणार म्हणून तुम्ही गुडघा पिवळा करत होतात." तक्त्याची त्यांनी नीट घडी घातली आणि डगमगणाऱ्या टेबलाच्या एका पायाखाली सारली. टेबल स्थिर झाले.

"मग आता जमणार नाही?" तांडेलांनी विचारले. एवढेच विचारायला ते काठी टेकत आले होते.

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "आणि आजपासून तुम्हालाही माहीत नाही. चला, आढी बघायची आहे."

तोवर हंगाम सुरू झाला होता आणि शेडमध्ये आढ्या लागल्या होत्या. झाडावरून देठासकट उतरवलेला तयार आंबा भाताच्या पेंढ्यावर एकेक करून मांडतात, वर पुन्हा पेंढा, पुन्हा आंबे. ही आढी. तिच्यात आंबा आपल्या उबेने आठ-दहा दिवसांत पिकतो. त्या वर्षी भिंतीपासून भिंतीपर्यंत कोबा पेंढ्याखाली गेला होता आणि मधून जेमतेम दोन फुटांच्या वाटा होत्या. इतर वर्षी बाई या दिवसांत वर्ग बंद ठेवत. त्या वर्षी त्यांनी तो वाटांवर चालू ठेवला.

याचा परिणाम सांगण्यासारखा आहे. हात पसरला की आढी, पाय मागे नेला की आढी. तोल गेला तर नुकसान. जी गोष्ट बाई पाच महिने शब्दांनी सांगत होत्या ती आंब्यांनी दोन सकाळींत शिकवली. पाय टेकण्याआधी तो कुठे टेकणार हे माहीत असायला लागले. एकूण दोन आंबे चिरडले गेले. एक ताईंच्या कोपराखाली, एक माझ्या टाचेखाली. बाईंचा दंड ठरलेला होता, चिरडेल त्याने तो तिथेच खायचा. माझा कच्चा निघाला. दात दुपारपर्यंत आंबलेले होते.

वर्गानंतर आढी बघण्याचे काम. वरचा पेंढा सारायचा, पिकलेले आणि डागाळलेले आंबे बाजूला काढायचे, बाकीचे झाकायचे. यातला नियम एकच होता, अंगठ्याने दाबायचे नाही. रंग बघायचा, देठाशी वास घ्यायचा, शंका असेल तर तसाच ठेवायचा आणि उद्या यायचे. मी पहिल्या दिवशी दाबून बघितले. बातमीची खात्री करून घ्यायची सवय. दाबलेल्या जागी दोन दिवसांनी काळा डाग उमटतो, हे मला दोन दिवसांनी कळले. बाईंनी ते अकरा आंबे वेगळ्या टोपलीत ठेवले होते आणि वर खडूने लिहिले होते, 'बातमीदार'.

तांडेलांना त्यांनी आढीच्या कडेला बसवले. गुडघ्यांवर, टाचांवर पुन्हा सात घड्या. उठायला शेजारी पेटी. त्यांच्यावर कोणी लक्ष ठेवत नव्हते आणि तेही गुडघ्यावर ठेवत नव्हते. पेंढा सारणे, आंबा उचलणे, नाकाशी नेणे, परत ठेवणे. पाय भरून आला की उठायचे, वाटेवरून एक फेरी, परत बसायचे. श्वास मोजायला बाईंनी सांगितले नव्हते, पण मी जवळ होतो. वास घेताना एक लांब श्वास आत, आंबा ठेवताना त्याहून लांब बाहेर. जे आम्ही हिवाळाभर रिकाम्या हातांनी केले तेच ते आता भरल्या हातांनी करत होते.

तीन-चार दिवसांनी त्यांनी स्वतःच एक घडी काढून बाजूला टाकली.

"काय झालं?" मी विचारले.

"खालचा आंबा हाताला लागत नाही," ते म्हणाले. "उंच होतं."

पुढच्या आठवड्यात आणखी एक, मग आणखी एक, असे चालत राहिले. प्रत्येक वेळी कारण तेच. आढी खाली, माणूस वर, हात पोचत नाही. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला मोजायचा मोह होत होता, पण टेबलाचा पाय समोर दिसायचा.

त्याच दिवसांतली माझी एक सकाळ. आढी झाकून झाली होती, बाई टेबलाशी कोकमाचे सरबत करत होत्या. मी भिंतीला न टेकता वाटेवर बसलो आणि डोळे मिटले. श्वास मोजले. दहा झाले. पुन्हा एकपासून, पुन्हा दहा. मथळा आला नाही असे नाही. एक आला, दारात उभा राहिला, मी त्याला बस म्हटले नाही, तो गेला. मग फक्त वास होता आणि पलीकडे पेंढ्याची बारीक सळसळ, कारण तांडेलांचे काम चालू होते. बाईंनी पेला पुढे केला तेव्हा त्यातला बर्फ विरघळला होता. त्या दिवशीच्या वहीत एकच शब्द आहे, 'आंबा'. उपसंपादक म्हणून मी तो मजकूर अपुरा ठरवून परत पाठवला असता.

मेच्या मध्याला मुलगा आला, मंगळवारी. बुधवारी आणि गुरुवारी तांडेल वर्गाला आले नाहीत. घरात पाहुणे होते. शेवटचे त्यांना पाहिले तेव्हा दोन घड्या उरल्या होत्या. माझ्या लाल चौकोनात शून्य होते.

शुक्रवारी दुपारी मी कार्यालयात होतो. मशिदीत काय झाले ते मी पाहिलेले नाही. ऐकले ते लिहितो, आणि ते दोन स्वतंत्र सूत्रांकडून ऐकले. एक स्वतः तांडेल, दुसरा त्यांचा मुलगा. दोघांच्या सांगण्यात फरक एकच आहे आणि तो पुढे येईल.

शनिवारी सकाळी मी स्कूटर घेऊन गेलो तर मुलाने भाड्याची गाडी आणली होती. ते दोघे माझ्या आधी शेडवर पोचले. मी आत गेलो तेव्हा मुलगा बाईंच्या पाया पडत होता. तिशीतला, पोट थोडे पुढे, मनगटावर सोनेरी घड्याळ, काखेत निळी घडीची खुर्ची.

"ही कशाला आणलीस?" बाईंनी विचारले.

"अब्बांनी आणायला लावली. म्हणाले, शेडमध्ये ठेव, कोणाला तरी लागेल." मग तो न विचारताच सांगू लागला. "बाई, मी खुर्ची उचलून नेली, ओळीच्या टोकाला उघडली. मागे बघतो तर अब्बा नाहीत. मधल्या ओळीत उभे. मी म्हटलं, विसरले. खुणा केल्या, तर माझ्याकडे बघेनात. मग बसायची वेळ आली. आणि ते बसले, बाई. खाली. सगळ्यांसारखे."

"टॉवेल सांग," तांडेल म्हणाले.

"हां, मध्ये टॉवेल होता. दोन घड्या घातलेला."

"मौलवींना आधी विचारलं होतं," तांडेलांनी बाईंना सांगितले. "चालतो म्हणाले."

"दुखलं?"

"नाही. उठताना शेजाऱ्याच्या खांद्याला हात लावला. एकदाच."

"दोनदा," मुलगा म्हणाला.

फरक तो हाच. मी दोन्ही आकडे देऊन थांबतो.

बाईंनी तांडेलांकडे बघितले. सहा महिन्यांत त्यांनी कोणाचे कौतुक केलेले मी ऐकले नव्हते, त्या दिवशीही ऐकले नाही. त्या म्हणाल्या, "टाळू दिसल्या का?"

"समोरच्याची पाठ दिसली फक्त," तांडेल म्हणाले. "शर्ट उसवला होता." आणि मग ते मोठ्याने हसले, इतके की त्यांना पेटीचा आधार घ्यावा लागला.

"आणि ती दुसरी खुर्ची? हात ठेवायला जागा असलेली?" ताईंनी विचारले.

"तिकडेच ठेवून आलो," मुलगा म्हणाला. "विमानात घेत नव्हते."

आम्ही वाटांवर आपापल्या जागी बसलो. मुलाला जायचे नव्हते, अब्बा काय करतात ते बघायचे होते. तो आढीच्या कडेला मांडी घालायला वाकला, अर्ध्यावर अडला, एक हात टेकला, दुसरा टेकला, आणि "या अल्ला" म्हणत परत उभा राहिला. तो तिकडे क्रेन चालवायचा. दहा वर्षे, रोज दहा तास, खुर्चीत. नमाजात टाचांवर क्षणभर बसायचा तेवढेच, मांडी घालून शेवटचे कधी बसलो ते त्याला आठवेना. लाजून त्याने काखेतली निळी खुर्ची उघडली आणि तिच्यात बसला. आता तो वर होता आणि आम्ही सगळे खाली.

"आमच्या टाळू दिसतात का रे?" तांडेलांनी विचारले.

"अब्बा, तुमचे केस गेले की मागून."

बाई उठल्या, दारातली करवंटी काढून त्याच्यापुढे धरली. "घड्याळ काढ. रजा किती आहे तुझी?"

"एक महिना, बाई."

तांडेलांनी माझ्याकडे बघितले. मी त्यांच्याकडे. महिन्याचे आठवडे माझ्या डोक्यात मोजून झालेही होते.

"तक्ता कोणी करायचा नाही," बाई आमच्याकडे न बघताच म्हणाल्या.

मुलाने मनगटावरून सोनेरी घड्याळ उतरवले आणि करवंटीत टाकले. तांडेल पेटीला हात लावून सावकाश उठले, आढ्यांमधल्या वाटेने एकेक पाऊल टाकत कोपऱ्यापर्यंत गेले आणि मुलासाठी गोणपाटाच्या सात घड्या घेऊन आले.